शंभरावा प्रयोग

धान घरात आलं की गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनीकडच्या गावांत, नाटकांचे दिवस येतात. मंडई भरते, कुठे शंकरपट होतो आणि रात्री मांडवात माणसं दाटीवाटीनं बसतात. झाडीपट्टीचं, म्हणजे याच मुलखाचं, नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. रंगमंचाजवळ वादक बसतात. त्यांच्यात ढोलक-तबल्याच्या शेजारी ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य असतं आणि ऑर्गन असतो. संगीत नाटकातला पायानं भाता मारायचा ऑर्गन आता मागे पडला. नाव तेच राहिलं आणि त्या नावाखाली इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येऊन बसला. त्याच्यापुढच्या माणसाला एका रात्रीत गाण्याची साथ, लावणीचा ठेका, खलनायकाच्या प्रवेशाचा दणका, मरणाच्या प्रसंगातली बासरी आणि विजेचा कडकडाट हे सगळं दहा बोटांतून काढावं लागतं. दुसऱ्या रात्री दुसरं गाव, दुसरं नाटक. एका हंगामातलं त्याचं वाजवणं सलग मोजलं तर तासांची संख्या थक्क करणारी भरेल. तरीही त्याला ‘प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीतकार’ असं कोणी म्हणणार नाही. गंमत अशी की मराठीत नाटक जितक्या वेळा होतं तितक्या वेळा त्याला ‘प्रयोग’च म्हणतात. पहिलाही प्रयोग आणि शंभरावाही प्रयोग. नवं काही करून पाहणं आणि तेच पुन्हा करणं या दोन्हींना आपल्या भाषेनं एकच शब्द दिला आहे. या शब्दात संगीताच्या इतिहासाबद्दलचं एक सत्य दडलेलं आहे, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे; आणि ते तपासून पाहायला सगळ्यात चांगलं उदाहरण गोंदियापासून रेल्वेनं हजारेक किलोमीटरवर, मुंबईत सापडतं.

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं, म्हणजे आपल्या ओळखीच्या एचएमव्हीनं, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची तबकडी काढली. वादक होते चरणजित सिंग. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. साथीला तबला नाही, तानपुरा नाही, माणूसही दुसरा नाही. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं मात्र होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या स्वरांचं छोटं यंत्र. तबकडी फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये त्यानं ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर ती पुन्हा प्रसिद्ध केली. मग युरोप-अमेरिकेत एकच गलबला झाला. शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ ची. ॲसिड हाउस नावाच्या नृत्यसंगीताची सुरुवात तिथून मानतात आणि त्या संगीताचा प्राण म्हणजे टीबी-३०३ चा पिळवटलेला, खळखळणारा आवाज. तोच आवाज मुंबईतल्या एका सिनेवादकानं पाच वर्षं आधी काढलेला निघाला. ‘ॲसिड हाउसचा खरा जनक’ अशी पदवी चरणजित सिंग यांना मिळाली, उतारवयात परदेशी मैफलींची बोलावणी आली आणि २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट अशीच सांगायची सवय पडली आहे: विसरलेला माणूस, एक चमत्कारिक तबकडी, उशिरा मिळालेला न्याय. ती ऐकायला गोड आहे; पण तिच्यामुळे तबकडी कळत नाही. या गोष्टीत चरणजित सिंग यांचं एकच काम उरतं आणि बाकीचं सगळं ‘पोटापाण्यासाठी केलेलं’ म्हणून बाजूला पडतं. वास्तविक ते बाकीचं सगळंच अफाट आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांनी बास गिटार वाजवली, व्हायोलिन वाजवलं, ट्रान्झिकॉर्ड वाजवला. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे इटलीच्या फार्फिसा कंपनीचं ॲकॉर्डियनच्या घडणीचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’मध्ये जो धुरासारखा तरंगणारा इलेक्ट्रॉनिक सूर आहे, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा. राहुलदेव बर्मन, शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केलं, लग्नसमारंभांत वाद्यवृंद घेऊन वाजवलं आणि चित्रपटगीतांच्या धुना वाद्यांवर वाजवून त्यांच्या तबकड्याही काढल्या. या ढिगाऱ्यातून ‘दहा राग’ वेगळे काढून पाहणं म्हणजे धानाच्या बांधीतून एकच लोंबी उपटून तिला आकाशातून पडलेली म्हणण्यासारखं आहे. ‘दहा राग’ हा त्या ढिगाऱ्याला अपवाद नाही, तो त्याचाच परिणाम आहे, आणि हे तीन प्रकारे दाखवता येतं.

पहिला पुरावा यंत्रांचा. १९८० च्या सुमारास सिंथेसायझर ही ऐपतीबाहेरची वस्तू होती. युरोपात असल्या प्रयोगांचा खर्च नभोवाणी केंद्रांनी उचलला. जर्मनीत कोलोनच्या नभोवाणीनं १९५१ मध्येच इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा काढली. आपल्याकडे असा संस्थात्मक प्रयत्न अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये झाला. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर बसवून दिला, गीता साराभाई आणि इतर काही जणांनी त्यावर काम केलं, आणि तीनेक वर्षांत तो अध्याय मिटला. त्या फिती पुढची चारेक दशकं संस्थेच्या संग्रहात निपचित पडून होत्या. मुंबईत मात्र यंत्रं आली ती बाजाराच्या पैशातून. नवा आवाज हवा असलेला संगीतकार नवं वाद्य बाळगणाऱ्या वादकाला बोलावी, आणि त्या बोलावण्यांच्या कमाईतून वादक पुढचं वाद्य घेई. सिनेवादक केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मिनीमूग हा सिंथेसायझर आणला तो याच हिशेबानं. चरणजित सिंग यांनी रोलंडची यंत्रं सिंगापूरहून आणली तीही याच. नभोवाणीनं किंवा सरकारनं जी प्रयोगशाळा बांधून दिली नाही, ती सिनेमानं आणि लग्नाच्या वरातींनी बांधली. तिचं भाडं विपुल कामातून फिटत होतं. काम थोडं असतं तर यंत्र आलंच नसतं.

दुसरा पुरावा हाताचा. टीबी-३०३ कशासाठी बनलं होतं ते पाहा. गिटारवादकाला घरी सराव करताना बास वाजवणारा जोडीदार मिळत नाही, त्याची जागा या डबीनं घ्यावी असा कंपनीचा बेत होता. म्हणजे एका बासवादकानं आपल्याच जागी बसायला बनवलेलं यंत्र विकत घेतलं. पण ज्यानं वर्षानुवर्षं गाण्याखालचा खर्ज सांभाळला, त्यालाच ठाऊक की खर्ज कुठे थांबला म्हणजे वरचा सूर उठून दिसतो. ‘दहा राग’ ऐकताना हे लक्षात येतं. खालची पुनरावृत्ती षड्जाला धरून चालते, तानपुऱ्याचं काम ती स्वतःकडे घेते, आणि वर ज्युपिटर-८ रागाची वाट मोकळेपणी चालतो. शिवाय ही यंत्रं एकमेकांना जोडणंही सोपं नव्हतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एका भाषेत बोलायला लावणारं मिडी नावाचं मानक १९८३ मध्ये आलं. त्याआधी एका यंत्राच्या ठोक्यावर दुसऱ्याला चालवायचं म्हणजे तारा आणि खटके जुळवत बसायचं. हे मुद्रण दोन दिवसांत उरकलं, असं चरणजित सिंग यांनी पुढे सांगितलं आहे. ते ऐकून कोणाला वाटेल, घाईचं काम. पण सकाळी हातात आलेलं स्वरलेखन दुपारपर्यंत पक्कं वाजवायची ज्यांना सवय होती, त्यांच्यासाठी दोन दिवस म्हणजे भरपूर वेळ. त्या दोन दिवसांच्या मागे दोन दशकं उभी होती.

तिसरा पुरावा रागांच्या निवडीचा. दहापैकी भूपाळी, मालकंस, कलावती आणि बैरागी हे चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. टीबी-३०३ मध्ये एका आकृतिबंधाला जास्तीत जास्त सोळा घरं असतात. टीआर-८०८ वरही सोळा बटणांची ओळ आहे. पाच स्वर आणि सोळा घरं असा हिशेब बसवला की आकृती लवकर ओळखीची होते, तरी तिच्यात फिरायला जागा उरते. सोळा घरं हे पाश्चात्त्य चार ठोक्यांचे चार-चार भाग. तीनतालाच्या सोळा मात्राही चार-चारांच्याच विभागांत बसतात. हा योगायोग आहे आणि त्यावरून जपानी अभियंत्यांना तीनताल ठाऊक होता असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. पण योगायोग दिसायलाही नजर लागते. सिनेगीतात राग कसा तीन मिनिटांत बसवायचा, कोणते स्वर घेतले की ऐकणाऱ्याला तो पहिल्या ओळीत ओळखू येतो, हे ज्यानं असंख्य वेळा जवळून पाहिलं, त्याची ती नजर आहे. निवडीमागचं शास्त्र त्यानं लिहून ठेवलं नाही. ते वाजवण्याच्या सवयीतच होतं.

आता आक्षेप. सगळ्यात ठाम आक्षेप रागसंगीताच्या बाजूनं येतो: राग म्हणजे केवळ आरोह-अवरोहातले स्वर नव्हेत. त्यात मींड आहे, आंदोलन आहे, तोडीतल्या कोमल गंधाराची नेमकी जागा आहे. यंत्राचा स्वर एका जागेवरून दुसरीकडे घसरतो तो नेहमी ठरलेल्या वेळात. गायकाची मींड दर वेळी वेगळी. त्यातून या तबकडीत भैरवी सुरुवातीलाच आहे, जी मैफलीत शेवटी गातात. हा आक्षेप बराचसा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. तोडी आणि ललत या तबकडीत भूपाळी-मालकंसाइतके जमलेले नाहीत, कारण त्या रागांचा जीव ज्या सूक्ष्म जागांत आहे तिथे यंत्राची पट्टी पोचत नाही. पण हे अपयशच काहीतरी शिकवतं. कोणत्या रागाचा किती भाग स्वरांच्या रचनेत आहे आणि किती गळ्याच्या हालचालीत, हे ही दहा उदाहरणं शेजारीशेजारी ठेवून जितकं स्पष्ट कळतं, तितकं ग्रंथातल्या व्याख्येनं कळत नाही. प्रयोग म्हणतात तो यालाच. त्यात निष्कर्ष नकारार्थीही निघू शकतो. आणि विजेच्या सुरावर राग विटाळतो असं कोणी म्हणत असेल, तर बंगळुरूच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आज किती मैफलींत आणि किती घरच्या रियाजाला चालतो, तेही त्यानं आठवावं.

दुसरा आक्षेप हेतूचा. चरणजित सिंग यांना काही क्रांती करायची नव्हती. ‘कुर्बानी’ १९८० चा, ‘डिस्को दीवाने’ १९८१ ची, ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. डिस्कोची लाट होती, तिच्यावर एक निराळी तबकडी काढून पाहावी इतकाच विचार. मग याला प्रयोग कसं म्हणायचं? या आक्षेपाचं मूळ एका समजुतीत आहे, की प्रयोग करणाऱ्यानं आधी जाहीरनामा काढावा. शेतकरी बांधाच्या कडेला नवं वाण चार ओळींत लावून पाहतो तेव्हा जाहीरनामा काढत नाही. पण एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय उगवतं ते पाहायचं, ही रीत तो पाळतो. ‘दहा राग’मध्ये अशीच रीत आहे. ठेका जवळपास तोच, यंत्रं तीच, लांबी सारखी. बदलतो तो फक्त राग. दहा वेळा. हेतू व्यापारी होता म्हणून पद्धत खोटी ठरत नाही. उलट शिकागोच्या तरुणांकडे टीबी-३०३ आलं तेही काही उदात्त कारणानं नव्हे. ते यंत्र बाजारात आपटलं, १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि जुन्या मालाच्या दुकानात ते स्वस्तात मिळू लागलं म्हणून. दोन्हीकडे बाजार होता. एकीकडे तेजीचा, दुसरीकडे मंदीचा.

तिसरा आक्षेप उलट्या दिशेनं येतो, आणि तो ‘जनक’ या पदवीवर आहे. शिकागोत कोणी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. ज्याच्यापासून काही जन्मलंच नाही, त्याला जनक कसं म्हणायचं? हा आक्षेप पूर्ण मान्य करावा. त्यानं चरणजित सिंग यांचं काही कमी होत नाही. ‘पहिला कोण’ ही शर्यत मुळात पेटंट कार्यालयाला शोभणारी आहे. एकाच यंत्राच्या पोटात असलेली शक्यता दोन ठिकाणी, दोन कारणांनी, एकमेकांना न कळता बाहेर आली, ही गोष्ट ‘पहिला’ या शब्दापेक्षा अधिक रंजक आहे. शिकागोत यंत्राची बटणं फिरवत आवाजच बदलत नेला आणि सूर जवळपास जागच्या जागी ठेवला. मुंबईत सूर फिरला आणि खालचं चक्र स्थिर राहिलं. ऐकायला साम्य असलं तरी विचार वेगळा आहे. पाश्चात्त्य वंशावळीत आपल्याला मानाचं पान मिळालं या आनंदात हा वेगळेपणा हरवू नये.

चौथा आक्षेप सगळ्यांत साधा आणि म्हणूनच चिवट आहे: जो फार काढतो तो हलकं काढतो. जगाच्या पाठीवर विपुल काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांना हा टोमणा ऐकावाच लागतो. जपानचे मासामी अकिता ‘मर्झबाउ’ या नावानं गोंगाटाचं संगीत करतात. त्यांच्या ध्वनिमुद्रणांची संख्या शेकड्यांत आहे आणि २००० मध्ये निघालेल्या त्यांच्या एका संचातच पन्नास सीडी आहेत. त्यातलं सगळं श्रेष्ठ आहे असं त्यांचा चाहताही म्हणणार नाही. पण अकितांच्या विपुलतेला एक नाव आहे, क्रमांक आहे, याद्या आहेत. म्हणून तिच्याकडे एक प्रदीर्घ प्रयोग म्हणून पाहता येतं. मुंबईच्या वादकांच्या विपुलतेला ते मिळालं नाही. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं नाव छापलं जाई. वादकांची नावं सहसा नसत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाला मुंबईच्या सिनेवादकांवर पुस्तक लिहिण्यासाठी २००८ पर्यंत त्यांच्या मुलाखतींचाच मोठा आधार घ्यावा लागला, तो याचमुळे. तेव्हा ‘हलकं’ हा निर्णय देण्याआधी विचारायला हवं की आपण ते ऐकून हलकं ठरवलं, की नाव नव्हतं म्हणून? भरपूर काम आणि निनावी काम या दोन गोष्टी आपल्याकडे इतक्या सोबत आल्या की एकीचा दोष दुसरीच्या माथी बसला.

हेच माप घेऊन पुन्हा गोंदियाकडे यावं. इथे इलेक्ट्रॉनिक वाद्यं दोन वाटांनी रुजली: नाटकाच्या मांडवात ऑर्गन आणि ऑक्टोपॅड म्हणून, आणि वरातीत, दुर्गा-गणपतीच्या मिरवणुकीत धुमाल पार्टी या वाजंत्री पथकाच्या गाडीवर. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर अर्जुनीच्या पुढे वडसा लागतं; झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं ते मोठं केंद्र. त्या मंडळ्यांतल्या नटांना आता कुठे दाद मिळू लागली आहे; २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. वादकांपर्यंत ती दाद अजून यायची आहे. इथला प्रत्येक कीबोर्डवादक चरणजित सिंग आहे असा दावा करायचा नाही; तसं म्हणणं म्हणजे पुन्हा तीच ‘दडलेला हिरा’ छापाची गोष्ट सांगणं. दावा एवढाच, की परिस्थिती तीच आहे. कमाईतून आलेलं यंत्र, कारखान्यानं ज्या कामासाठी बनवलं त्याहून वेगळं काम, रोजची निकड, आणि समोर लगेच पसंती-नापसंती दाखवणारा प्रेक्षक. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांच्या चाली ज्याच्या कानात आहेत, तो जपानी कीबोर्डच्या तयार ठेक्यावर त्या बसवायला जातो तेव्हा ठेका कुठेतरी अडतो. मग तो ठेका मोडून नवा भरावा लागतो. त्या अडण्यातून आणि मोडण्यातून नवा आवाज निघतो. निघेलच याची हमी नाही. पण निघायचा असेल तर अशाच जागी निघेल.

अडचण राहते ती नोंदीची. चरणजित सिंग यांच्या बाबतीत नशीब इतकंच की शंभरातला एक प्रयोग एचएमव्हीनं काळ्या व्हिनाइलवर कोरून ठेवला. वीस वर्षं धूळ खाऊनही तो ऐकू आला. झाडीपट्टीच्या वादकानं स्वतः भरलेले ठेके आणि घडवलेले आवाज कीबोर्डच्या स्मृतीत असतात, फार तर एखाद्या पेनड्राइव्हवर. कीबोर्ड जुना झाला की विकला जातो, आणि घेणारा पहिलं काम करतो ते जुनं पुसून टाकण्याचं. संगीताच्या इतिहासात ‘पहिला प्रयोग’ शोधणाऱ्यांची कमतरता नाही. पण पहिल्यापासून शंभराव्यापर्यंतचा रस्ता दिसायचा असेल तर मधले अठ्ठ्याण्णव कुठेतरी ठेवावे लागतील, आणि त्यासाठी ते मोलाचे आहेत हे ते पुसले जाण्याआधी मानावं लागेल.